राबणाऱ्याचे मत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की सीमाभागातील आमच्या शाळेच्या पटावर तोडणी कामगारांची चार-दोन मुले वाढतात. गतवर्षी त्यांतील एकाने संगणकाच्या तासाला विचारले, "गुरुजी, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणता, मग ह्याचा मालक कोण?" उत्तर शोधता शोधता आम्ही एका विलक्षण परवान्यापर्यंत पोहोचलो.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना सिद्ध केला. सॉफ्टवेअर वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, वाटावे. अट एकच, की पुढे वाटताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. घेणारा शाळामास्तर आहे की कोट्यधीश, हा भेद तेथे नाही. बड्या कंपन्यांनीही अशा सॉफ्टवेअरचा भरपूर लाभ घेतला.

हेच काहींना खटकले. रॅमझी नासर व एव्हरेस्ट पिपकिन ह्यांनी २०२० साली 'भांडवलशाहीविरोधी सॉफ्टवेअर परवाना' प्रसिद्ध केला. स्वतःसाठी राबणारी व्यक्ती, ना-नफा संस्था, शिक्षणसंस्था आणि सर्व सभासदांच्या सामाईक नफ्यासाठी चालणारी संस्था, एवढ्यांनाच त्यात वापराची अनुमती आहे. संस्थेस मालक असतील, तर सारे मालक कामगार व सारे कामगार मालक असावेत, आणि त्यांचा वाटा किंवा मत समान असावे. सैन्य व पोलीस ह्यांना ते वर्ज्य.

हा निकष आम्ही आपल्या परिचयाच्या सहकाराला लावून पाहिला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला, हे कार्य थोरच. परंतु सभासद झाला तो पिकवणारा; तोडणारा मजूरच राहिला. ह्या परवान्याच्या दारात आमची शाळा सुखाने आत जाईल, सहकारी साखर कारखाना मात्र उंबऱ्यावर अडेल!

आक्षेपही खरे आहेत. मुक्तस्रोताच्या १९९८ पासून रूढ झालेल्या व्याख्येत व्यक्ती वा कार्यक्षेत्र पाहून भेदभाव करण्यास मनाई आहे. म्हणून कर्ते स्वतःच आपल्या परवान्यास मुक्तस्रोत म्हणत नाहीत. दहा समान भागीदारांनी एक पगारी पहारेकरी ठेवला, तरी त्यांचा हक्क बुडतो. मोठ्या कंपनीस दुसरे सॉफ्टवेअर निवडणे अवघड नाही. एवढ्याशा कागदाने बाजाराची रीत पालटेल, असे आम्ही मानीत नाही.

तथापि कागदातील प्रश्न टळत नाही. त्या मुलाला आम्ही परवान्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने विचारले, "मग साखर कारखान्याचा मालक कोण?" "ऊस पिकवणारे सभासद," आम्ही म्हणालो. "आणि तोडणारे?" आम्ही निरुत्तर झालो. हंगाम संपताच तो आईबापांबरोबर गावी परतला; वार्षिक परीक्षा राहून गेली.

आपल्या वाचकांत कोणी कारखान्याचे, कोणी पतपेढीचे सभासद असतील. कोणाचा छापखाना वा दुकान असेल. त्यांना आमची एकच विनंती आहे. पुढील वार्षिक सभेत सभासदांची यादी हाती येईल, तेव्हा ज्यांच्या हातांवर संस्था चालते त्यांच्यापैकी कितीजणांची नावे तीत आहेत, तेवढे मोजून पाहावे.