शक्तिमान सुरू होईना तेव्हा

लष्कराच्या लिलावातला जुना शक्तिमान ट्रक आम्ही १९९४ साली भिवंडीत सुताच्या गाठी वाहायला घेतला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून बनू लागलेली ही गाडी. एका सकाळी ती सुरूच होईना. सुताविना माग उभे, कारागिरांची दिवसाची मजुरी बुडायची वेळ. मिस्त्री म्हणाला, "शेठ, पंप उतरवावा लागेल." म्हणजे महिन्याची कमाई गेली!

मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी आधी सायलेन्सरकडे पाहायला लावले. बॅटऱ्या २४ व्होल्टच्या, ठणठणीत. सेल्फ जोरात फिरतो, पण धूर अजिबात नाही. म्हणजे डिझेल इंजिनात पोचतच नाही. पांढरा धूर असता तर डिझेल येते पण जळत नाही, असे समजायचे.

फिल्टरखाली ओल दिसली. आदल्या दिवशी फिल्टर बदलताना तांब्याचा जुनाच वॉशर बसवायला आम्हीच सांगितले होते, चार पैसे वाचवायला. तिथूनच रात्री हवा शिरली होती.

नवा वॉशर बसला. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून उस्तादांनी हातपंप मारला. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. मोठ्या पंपाचेही तसेच केले. बंधूंनो, सेल्फ मात्र एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये. तिसऱ्या खेपेला गाडी धडधडली आणि दुपारपर्यंत सूत कारखान्यात पोचले.