राखणदाराचे दात

बाजारात बैल विकत घ्यावयाचा झाला, तर आपला शेतकरी प्रथम त्याचा जबडा उघडून पाहतो. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्यावाचून तो सौदा करीत नाही. परंतु ज्या कुत्र्याच्या भरवशावर तो रात्री निश्चिंत झोपतो, त्याच्या तोंडात किती दात आहेत, हे त्यास बहुधा ठाऊक नसते. पिलास दुधाचे २८ दात असतात. सहा-सात महिन्यांत ते पडून कायमचे ४२ येतात. त्यानंतर एखादा दात गेला, तर पुन्हा येत नाही.

पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिलींचा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते ह्यांचा हा मुलूख. येथे कुत्रा हौसेखातर नव्हे, राखणीसाठी पाळला जातो. पोळ्याला बैलाचे खांदे मायेने शेकले जातात. कुत्र्याच्या वाट्यास मात्र उरलेली भाकरी तेवढी येते. म्हणून आज आम्ही ह्या राखणदाराच्या एका मूक दुखण्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

खाल्ल्यानंतर दातांवर एक चिकट थर बसतो. त्यात जंतू वाढतात. हा थर पुसून काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे थोड्याच दिवसांत त्याचे दगडासारखे कठीण पिवळे-तपकिरी कीटण बनते. मग हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, आतील हाड झिजते आणि दात हलू लागतात. तीन वर्षांवरील कुत्र्यांत हा रोग अतिशय आढळतो. तथापि कुत्रा विव्हळत नाही. भूक त्यास खावयास लावते, आणि धन्यास वाटते की सारे ठीक आहे. तोंडाची दुर्गंधी, एकाच बाजूने चावणे, तोंडातून घास गळणे, डोळ्याखाली सूज येणे, ह्या खुणांवरूनच दुखणे ओळखावयाचे.

उपाय साधा आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाची चिंधी बोटास गुंडाळून पाण्यात भिजवावी. पहिले काही दिवस कुत्र्याच्या ओठांस केवळ हात लावावा आणि लगेच आवडीचा घास द्यावा. ते त्याच्या अंगवळणी पडले, की ओठ हलकेच वर उचलून दातांची बाहेरील बाजू हिरडीलगत पुसावी. जबडा उघडण्याची गरज नाही. आतील बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते. वरच्या मागील दाढांकडे विशेष ध्यान द्यावे, कारण तेथेच लाळेची नलिका उघडते व कीटण लवकर साचते. पुढे लहान मऊ ब्रश वापरता येईल. दोन मिनिटे पुरतात. रोज जमल्यास उत्तम, न जमल्यास आठवड्यातून तीनदा तरी करावे. पिलू असतानाच सवय लावणे सर्वांत सोपे.

आपली टूथपेस्ट मात्र कुत्र्यास कधीही लावू नये. तो चूळ भरीत नाही, सारे गिळतो. काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते व यकृतासही इजा होते. पेस्ट हवीच असेल, तर कुत्र्यांसाठी बनविलेलीच घ्यावी. हाड चघळल्याने दात साफ होतात अशी समजूत आहे. त्याने थोडे कीटण निघते हे खरे. परंतु कठीण हाडाने दाढ तडकते, आणि शिजवलेल्या हाडाच्या कपच्या घशात रुततात. जमलेले कीटण चाकूने वा खिळ्याने खरवडू नये. ते काम पशुवैद्याचे. कुत्र्यास भूल देऊन ते करावे लागते. येथून जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपूरला आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. दर वर्षी रेबीजची लस टोचलेल्या, आपल्या ओळखीच्या कुत्र्याच्याच तोंडाजवळ हात न्यावा, आणि हे काम मुलांवर सोपवू नये. कुत्रा अकस्मात लाळ गाळू लागला, त्यास गिळता येईना, आवाज बदलला, तर ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात, आणि त्या रोगाचे विष लाळेतच असते. अशी लाळ जखमेस लागली किंवा दात लागला, तर ती जागा १५ मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली, की मग बहुधा काहीच उपाय चालत नाही.

बैलाचे दात आपण सौद्यासाठी पाहतो. कुत्रा विकावयाचा नसतो. तो आपल्याच दारात म्हातारा होतो. त्याची भाकरी त्यास अखेरपर्यंत सुखाने चावता यावी, एवढ्यासाठी रोजची दोन मिनिटे जड नाहीत.