दोन याद्यांची विमानकंपनी

निजामाच्या राज्याची स्वतःची विमानकंपनी होती, असं तेलंगणातल्या आमच्या भैंशात सांगितलं तर लोक आजही खरं मानायला तयार होत नाहीत. पण होती. निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली डेक्कन एअरवेज. बेगमपेठहून तिची डाकोटा विमानं उडत. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक ताब्यात घेतली, तेव्हा देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी केली. त्या आठांत आमची डेक्कनही गेली. परदेशी जाणारी एअर इंडिया मात्र वेगळी राहिली. मला विमानांचं वेड लागलं ते या डेक्कनमुळे. पुढे वेड विमानांवरून वैमानिकांकडे सरकलं, आणि गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीवर अडकून आहे: एकाच बुडत्या कंपनीचे वैमानिक तिला वाचवण्याच्या काळात एकमेकांविरुद्ध का उभे राहिले?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २००५-०६ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून १११ विमानं मागवली: एअर इंडियाने ६८ बोइंग, इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. २००७ मध्ये दोघींचं विलीनीकरण झालं. २००८-०९ चा तोटा साडेपाच हजार कोटींच्या वर गेला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्र सरकारने सावरण्याची योजना मंजूर केली. २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३०,२३१ कोटींचं भांडवल, आणि त्या बदल्यात काटकसर, वेळेवर उड्डाणं, भरलेल्या खुर्च्या. आकडे एवढे पुरेत. मला बोलायचं आहे ते वेगळ्याच एका आकड्याबद्दल.

तो आकडा म्हणजे वैमानिकाचा ज्येष्ठता क्रमांक. कंपनीत ज्या दिवशी रुजू झालात, त्यावरून यादीत जागा मिळते. पुढचं सगळं आयुष्य त्या जागेवरून ठरतं. डाव्या खुर्चीत, म्हणजे कमांडर म्हणून, कधी बसणार. कोणतं विमान मिळणार. कोणत्या शहरात बेस असणार. सणाला रजा मिळणार की नाही, सगळं. पगारही त्यावरच, कारण मोठं विमान म्हणजे मोठा भत्ता. आणि हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षं नोकरी झालेला कॅप्टन दुसरीकडे गेला तर तिथल्या यादीत तळाशी लागतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला जमिनीच्या पट्टा पासबुकाचं जे मोल, तेच वैमानिकाला या क्रमांकाचं. म्हणून कंपनी तगली पाहिजे, ही तळमळ त्याला इतरांहून जास्त असते. आणि कंपनी सावरताना आपला क्रमांक खाली जाऊ नये, ही धास्तीही.

सिकंदराबादला मारेडपल्लीत आमच्या आत्याच्या शेजारी एक निवृत्त कॅप्टन राहतात. इंडियन एअरलाइन्सच्या जमान्यातले. हैदराबादला गेलो की त्यांच्याकडे माझी बैठक ठरलेली. ते म्हणाले, "अहो, विमानं एका दिवसात एका रंगाची करता येतात. यादी एक करायला छाती लागते." मला तर वाटतं, विलीनीकरणाच्या सगळ्या जाड अहवालांचं सार या दोन वाक्यांत आहे.

दोन्हीकडच्या वैमानिकांचं काम मुळातच निराळं होतं. एअर इंडियाचे रात्र-रात्र समुद्र ओलांडत जात. महिन्याला मोजकी लँडिंग, पण झोपेचं आणि शरीराच्या घड्याळाचं खोबरं. इंडियन एअरलाइन्सचे दिवसाला तीन-चार लँडिंग करत, पावसाळ्यात, आखूड धावपट्ट्यांवर. इथे मला कॅप्टन सौदामिनी देशमुखांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८५ मध्ये त्यांनी निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन कोलकाता ते सिलचर फोकर फ्रेंडशिप विमान नेलं. त्या उड्डाणाचा सगळा चमू बायकांचाच होता. ईशान्येकडच्या हवेत फोकर चालवणं म्हणजे काय, हे त्या काळच्या कुणाही वैमानिकाला विचारा. असं काम करणाऱ्यांना 'देशांतर्गतवाले' म्हणून दुय्यम लेखलं गेलं, तर राग येणारच.

दोन्हीकडे संघटना वेगळ्या होत्या: एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सचा जुना 'आयसी' कोड गेला आणि सगळ्या उड्डाणांवर 'एआय' आला. वरून कंपनी एक दिसू लागली, पण पगारपत्रकं दोनच राहिली. जेमतेम दोन महिन्यांत, २७ एप्रिलला, असोसिएशन संपावर गेली. मागणी सरळ होती: काम एका कंपनीचं, तर पगार आणि भत्तेही एकसारखे द्या. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना बडतर्फ केलं. दहा दिवसांनी तडजोड झाली. गिल्डचे वैमानिक त्या संपात उतरले नाहीत.

मग प्रश्न सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. तोवर पाच वर्षं वाया गेली होती. खरी ठिणगी पडली ती ड्रीमलाइनरवर.

बोइंग ७८७ ड्रीमलाइनर! याच्याबद्दल लिहायला मला अख्खा अंक पुरणार नाही. धडाचा आणि पंखांचा मोठा भाग कार्बनच्या संमिश्र पदार्थाचा. म्हणून वजन कमी, आणि त्याच आकाराच्या जुन्या विमानांपेक्षा इंधन सुमारे वीस टक्क्यांनी कमी. एअर इंडियाने अशी २७ मागवली होती आणि प्रत्येकात २५६ खुर्च्या बसवल्या. मोठं विमान भरण्याइतके प्रवासी नसलेल्या लांबच्या मार्गांवरही हे फायद्यात उडू शकतं. कंपनीला सावरण्याची सगळी भिस्त याच विमानावर होती.

आता हे चालवणार कोण? व्यवस्थापनाचं म्हणणं होतं, दोन्हीकडचे निम्मे-निम्मे प्रशिक्षणाला पाठवू. गिल्ड म्हणाली, ही विमानं मूळ एअर इंडियाने मागवली, आमचे को-पायलट कमांडसाठी वर्षानुवर्षं ताटकळत आहेत, पहिला हक्क आमचा. असोसिएशन म्हणाली, हे विमान दोघांनाही नवं, कंपनी एक, मग हक्क एकट्याचा कसा? हिशेब करून पाहा: सिम्युलेटरची एक जागा पलीकडे गेली की अलीकडच्या एकाची कमांड लांबते, त्याच्या मागच्याची आणखी लांबते. म्हणून ८ मे २०१२ पासून गिल्डचे वैमानिक 'आजारी' पडू लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, काहींनी जंतरमंतरवर उपोषण केलं. ५८ दिवसांनी संप मिटला. ऐन उन्हाळी सुट्ट्यांत परदेशी उड्डाणं रद्द झाली आणि सरकारने एप्रिलमध्ये मंजूर केलेली योजना पहिल्याच तिमाहीत लंगडी झाली. पहिलं ड्रीमलाइनर त्याच सप्टेंबरात दिल्लीत उतरलं.

माझं मत स्पष्ट आहे. संपाची वेळ चुकली, प्रवाशांना वेठीला धरणं चुकलं. पण दोन्ही बाजूंची भीती खरी होती. मोठी चूक यादीचा निकाल लावायच्या आधी विमानं रंगवणाऱ्यांची. हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यादी लावली. पूर्वेकडच्या वैमानिकांना ती इतकी खुपली, की त्यांनी जुनी संघटना सोडून नवी काढली. कारण? सतरा वर्षं नोकरी करून मंदीत घरी बसवलेला वैमानिक, काही महिन्यांपूर्वी पश्चिमेकडे लागलेल्याच्या खाली गेला होता. भांडण सुमारे दहा वर्षं चाललं.

कंपनीच बुडाली तर क्रमांकाचं काय होतं, ते जेट एअरवेजने दाखवलं. एप्रिल २०१९ मध्ये तिच्या वैमानिकांनी थकलेल्या पगारांसाठी उड्डाण थांबवण्याचा इशारा दिला आणि मग स्टेट बँकेला पैसे देण्याची विनंती केली. १७ एप्रिलला शेवटचं विमान उडालं. कॅप्टन मंडळी दुसरीकडे यादीच्या तळाशी लागली.

कदाचित म्हणूनच २०२० मध्ये, करोनात पगार कापले गेले तेव्हा, गिल्ड आणि असोसिएशन यांनी एकाच पत्राखाली सह्या केल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली, आणि २०२३ मध्ये नव्या पगाररचनेलाही दोघींनी एकत्रच विरोध केला. २०२४ च्या वसंतात 'विस्तारा' कंपनीच्या वैमानिकांनीही, एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी आणलेल्या नव्या पगाररचनेवरून नाराजी दाखवली आणि उड्डाणं कोलमडली.

एप्रिल २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हा भैंशाहून गाडी काढून ते बघायला गेलेल्यांत मी होतो. आमच्यासारख्या गावांपर्यंत विमान यायचं, तर कंपन्या तगायला हव्यात. त्या भांडवलाने तगतात, हे खरंच. पण भांडवल ओतण्याआधी वैमानिकांना एका टेबलाशी बसवून एक यादी, एक पगारपत्रक आणि प्रशिक्षणाचा एक क्रम लेखी ठरवा. हे काम स्वस्त आहे. ते टाळल्याची किंमत एअर इंडियाने पंधरा वर्षं मोजली.