पाच तुकडे, दोन भाऊ आणि करमरकरांची रीत

ठाणाकुशनूर काय किंवा शेजारचे कोणतेही गाव काय, जमिनीची वाटणी निघाली की पंचांना रात्र पुरत नाही. समजा, सारख्या कसाचे पाच तुकडे आहेत: ८, ७, ६, ५ आणि ४ एकर. भाऊ दोघे. कोणत्याही तुकड्यात नवा बांध घालायचा नाही. कोणाला काय द्यावे?

साधी रीत अशी: मोठ्या तुकड्यापासून सुरुवात करायची आणि ज्याच्या पदरात कमी पडले त्याला पुढचा द्यायचा. करून पाहा. एकाला १७ एकर, दुसऱ्याला १३. म्हणजे कोर्टकचेरी आलीच!

पाच तुकड्यांच्या वाटण्या सोळाच होतात (एकालाच सगळे देण्याचा अन्याय धरून). त्या कागदावर तपासता येतील. पण नग चाळीस झाले की हा आकडा सुमारे ५५ हजार कोटींवर जातो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ प्रश्नांचा अवघडपणा सिद्ध केला, त्यांत ही वाटणीही आहे. आकडेही मोठे असले, तर हमखास अचूक उत्तर देणारी झटपट रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. संगणकशास्त्र शिकणारी आपली मुले इथे अडतात आणि आपलीच बुद्धी कमी पडली असे समजतात. तसे नसते.

मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर बर्कलीला कार्प यांचेच विद्यार्थी होते. १९८२ मध्ये दोघांनी वेगळी रीत मांडली. सर्वांत मोठे दोन आकडे घ्यायचे. ते वेगवेगळ्या भावांकडे जातील एवढेच ठरवायचे. कोणता कोणाकडे, ते नंतर. त्यांना रेघेने जोडायचे आणि दोघांचा फरक मोठ्या तुकड्याच्या नावे लिहायचा. ८ आणि ७ जोडले, उरला १. ६ आणि ५ जोडले, पुन्हा १. मग ४ जोडला ८ ला, उरले ३. शेवटी ४ जोडला ६ ला, उरले २.

कागदावर आता पाच ठिपके आणि चार रेघा आहेत. यालाच ग्राफ म्हणतात. ४ एका भावाला दिला की रेघेपलीकडचे ८ आणि ६ दुसऱ्याला, आणि त्यांच्याही पलीकडचे ७ आणि ५ पुन्हा पहिल्याला. झाले १६ आणि १४.

बरोबर निम्मे अजून नाहीच. पण आता ७ आणि ६ यांची अदलाबदल करून पाहा: १५ आणि १५. दर वेळी असे जुळत नाही. तेव्हा उरल्या फरकाचे पैसे मोजून द्यायचे.