हाक वेगळी, हजेरी वेगळी

आमच्या पुतण्याला गेल्या पावसाळ्यात मुलगी झाली. डहाणूला अकीक्याची तयारी सुरू होती, पण नावावर कुणाचं एकमत होईना. दादीला आपल्या सासूचं, म्हणजे आमच्या आईचं नाव चालवायचं होतं. उंबरगावच्या फूफीने फोनवरून पाच नावं सांगितली, सगळी 'आ'ने सुरू होणारी, एकमेकींच्या बहिणी शोभतील अशी. बाळाच्या आईने मात्र मोबाईलवर शोधून 'अनमता' पक्कं करून टाकलं होतं. अर्थ काय, तर बक्षीस.

जुम्याच्या नमाजनंतर मौलानांना विचारलं. ते हसले. म्हणाले, हा शब्द तुम्ही रोज प्रत्येक नमाजमध्ये म्हणता. सूरह फातिहात तो आहे, पण ते नाव नाही, क्रियापद आहे. 'तू कृपा केलीस' असा त्याचा अर्थ. म्हणजे 'अनमता, इकडे ये' म्हटलं की 'तू कृपा केलीस, इकडे ये'! घरात हशा पिकला आणि बाळाची आई हिरमुसली. चूक तिची एकटीची नव्हती. कुरआनात शब्द सापडला की तो नाव म्हणून चालतो, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. कुरआनात तर फिरऔनचाही उल्लेख आहे.

मग 'आसिया' सुचलं. फिरऔनच्या त्या ईमानदार पत्नीचं नाव, त्यात खोट कसली? पण मौलानांनी एक गोष्ट सांगितली ती आम्हालाही नवीन होती. ह. उमर (रजि.) यांच्या एका मुलीचं नाव प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बदलून 'जमीला' ठेवलं होतं. तिचं आधीचं नावही मराठीत लिहिलं तर 'आसिया'च होतं! अरबीत मात्र ते 'ऐन' आणि 'सुवाद'ने लिहितात आणि त्याचा अर्थ होतो नाफरमानी करणारी. फिरऔनच्या पत्नीचं नाव अलिफ आणि सीनचं. आपल्या देवनागरीत दोघी एक होऊन जातात. 'अलीम'चंही तसंच. ऐनने लिहिला तर जाणकार, अलिफने लिहिला तर वेदना देणारा. म्हणून नाव ठरलं की ते एकदा उर्दूत नीट लिहून घरात जपून ठेवावं, असं आमचं मत झालं आहे.

नाव माणसाला चिकटतं, ही समज जुनी आहे. बुखारी शरीफमध्ये हज्न नावाच्या एका गृहस्थांची हकिकत येते. हज्न म्हणजे खडबडीत, कठीण जमीन. प्रेषितांनी (स.) त्यांना 'सहल', म्हणजे सोपा, मऊ, हे नाव सुचवलं. ते म्हणाले, बापाने ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब मोठे विद्वान झाले. तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात तेव्हापासून राहिला, असं ते सांगत.

नाव तोडून हाक मारण्याला मात्र आमचा विरोध नाही. इथे फातिमाची फत्तू होते, इब्राहिमचा इब्बू, युसुफचा इसुब. ह. आयशा (रजि.) यांना खुद्द प्रेषित (स.) लाडाने 'आइश' म्हणत, आणि लहानग्या अनसला 'उनैस'. दुसऱ्या बाजूला, एकमेकांना वाईट टोपणनावांनी पुकारू नका, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. फरक कशात, तर हाक कोण मारतं आणि कशासाठी मारतं, यात.

हे डहाणू-तलासरीत कुणाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपले वारली शेजारी जन्मवारावरून मुलांची नावं ठेवत आले: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. शेवटचा तो 'या' आईच्या तोंडून आला की माया असते, सावकाराच्या तोंडून आला की पायरी दाखवलेली असते. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी नाव सुधारून 'जीवनराव' केलं नाही. जगभर जिव्या म्हणूनच ओळखले गेले.

पण प्रत्येकाच्या वाट्याला असं येत नाही, हे आमच्या पुतण्यामुळे आम्हाला कळलं. त्याचं नाव इथे देत नाही. ते 'अब्दुल'ने सुरू होतं एवढं पुरे. 'अब्द' म्हणजे दास. 'अब्दुल' म्हणजे 'चा दास', आणि पुढे अल्लाहच्या नावांपैकी एक लागल्याशिवाय तो शब्द अपुरा. तलासरीच्या शाळेत त्याच्या वर्गात तिघे अब्दुल होते. गुरुजींनी सोयीसाठी अब्दुल एक, अब्दुल दोन, अब्दुल तीन केले. हा अब्दुल दोन. मुलांनी पुढे नुसतं 'दोन' केलं. तो घरी येऊन काही बोलत नसे. आम्हाला हे फार उशिरा समजलं.

खरी पंचाईत रजिस्टरात झाली. समजा मुलगा अब्दुल रहमान, वडील अब्दुल करीम, आडनाव शेख. रकाने तीन: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लिहिणाऱ्याने घाईत 'अब्दुल', 'रहमान', 'शेख' असं भरलं की काम संपलं. मुलाचं अर्धं नाव त्याचा बाप झालं आणि खरा बाप कागदावरून गेला. पुतण्याचं नेमकं हेच झालं. दाखल्यावरून दहावीच्या गुणपत्रिकेवर, तिथून आधारवर, तिथून बँकेत. कुणी लक्ष दिलं नाही, कारण घरात सगळे त्याला टोपणनावानेच ओळखत.

आमच्या भावाच्या इंतकालनंतर चौथ्या महिन्यात तो वडिलांच्या ठेवीचे कागद घेऊन एका कार्यालयात गेला. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे तुमचे वडील कशावरून?" ज्याने बापाच्या मयतीला खांदा दिला, त्याला हा प्रश्न. पुढे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, शाळेच्या फेऱ्या यात दीड वर्ष गेलं. पैसे मिळाले. पण तो प्रश्न त्याच्या मनातून गेलेला नाही.

सरहद्दीवर राहणाऱ्यांचा घोळ आणखी वाढतो. 1960 मध्ये मुंबई राज्याची वाटणी झाली आणि ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला. नातीगोती दोन्हीकडे राहिली. एकाच घरात एकाचा दाखला मराठीत, दुसऱ्याचा गुजरातीत. मराठीतला झाकिर हिंदीत नुक्ता गळून जाकिर होतो आणि इंग्रजीत कधी झेडने, कधी जे-ने लिहिला जातो. तीन कागदांवर तीन माणसं. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला, पुढे वडिलांचं किंवा घराण्याचं नाव पासपोर्टवर नोंदलेलं असेल तर चालेल, अशी सवलत दिली. आपल्याकडे नुसतं 'फातिमा' एवढंच नाव असलेल्या बायका किती आहेत, तुम्हीच मोजा.

मुलींच्या बाबतीत तर आपण फारच सैल असतो. साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये 'नकुशा' नावाच्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली, ती बातमी वाचून आपल्यात असं नसतं म्हणून आम्ही हायसे झालो होतो. पण मग 'बेबी', 'छोटी', 'मुन्नी' ही नावं पन्नाशीच्या बायकांच्या रेशनकार्डावर कशी राहिली? नको होती असं नाही, नाव ठेवायला कुणी बसलंच नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरलेलं नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

बाळाला शेवटी दादीच्या सासूचं नाव मिळालं. सूनबाईंनीच ते सुचवलं, आणि दादीला वाटलं तिनेच हट्ट पुरा करून घेतला. नोंद करायला पुतण्याबरोबर आम्हीही गेलो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पुतण्याने घरून चारही नावं मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेली होती. स्वतःचं नाव त्याने 'अब्दुल'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुरं लिहिलं होतं आणि मधल्या मोकळ्या जागेखाली पेनाने रेघ ओढली होती. खिडकीतल्या मुलीने टाईप केल्यावर त्याने तिला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. त्याने आणखी एकदा वाचायला सांगितलं. मागे रांग होती, कुणीतरी कुरकुरलं.

घरी परतलो तर दादी पाळण्याशी बसून बाळाला 'चिमणी, चिमणी' म्हणत होती.