झिजलेल्या मनगटाची भरपाई

शिवणयंत्रावर वर्षानुवर्षं एकच हालचाल करणाऱ्या कामगाराचं मनगट अमुक तारखेला दुखावलं, असं सांगता येत नाही. आपला कायदा मात्र आधी तारीखच विचारतो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने भरपाई कामातून उद्भवलेल्या अपघाताशी जोडली आणि तीच चौकट सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये उतरली. व्यवसायजन्य आजार अपघात मानला जातो, पण तिसऱ्या अनुसूचीत नाव असेल तरच. मनगटातली नस दबून अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या आणणारा कार्पल टनेल सिंड्रोम तिथे नाही. यादीबाहेरचा आजार विशिष्ट अपघाती इजेतूनच थेट उद्भवला, हे दाखवावं लागतं.

मालकपक्ष म्हणतो, मधुमेहाने, थायरॉईडनेही नस दबते. खरंच आहे. पण गोंगाटाने येणारा बहिरेपणा याच अनुसूचीत आहे; तोही हळूहळू येतो, शिवाय वयानेही येतो. कानाला लावलेला न्याय मनगटाला नाकारायचं कारण मला तरी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 च्या यादीत मनगटाचा हा आजार घेतलाही आहे. खोट्या दाव्यांची भीती असेल, तर नसेची विद्युत चाचणी आणि कामाच्या स्वरूपाची नोंद मागावी. दारच बंद करणं हा उपाय नव्हे. कायदा बदलेपर्यंत कामगाराने केसपेपरवर ‘हात दुखतो’ एवढ्यावर न थांबता कोणतं काम, किती तास, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. इजा एका क्षणात झाली, म्हणजे पोतं उचलताना पाठीत कळ आली, तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावं. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते.