बांध, मांडव आणि सातबारा : मुंबईच्या डोंगरावरची बाग

आज समोर मुलुंड-घाटकोपरकडची माणसं दिसतायत, बोरिवली-अंधेरीकडचीही आहेत. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन अंगांना राहणारे आपण सगळे. या डोंगराबद्दल आपण बोलतो तेव्हा बिबट्या येतो, कान्हेरी येते, मेट्रोची कारशेड येते. आज मात्र त्याच्या उतारावर भाजी पिकवणाऱ्या लोकांबद्दल बोलायचं आहे. आणि एक प्रश्न सोडवायचा आहे : पिढ्यान्‌पिढ्या कसलेली बाग कागदावर दिसत का नाही, आणि ती दिसावी यासाठी कायद्यात काय सोय आहे?

आधी जागा समजून घेऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. त्याला लागून गोरेगावच्या बाजूला आरे. या दोन्ही ठिकाणी आदिवासी पाडे आहेत. एकट्या आरेत 27 पाडे मोजले जातात : केलटीपाडा, खांबाचा पाडा, जिवाचा पाडा वगैरे. वस्ती मुख्यतः वारल्यांची; मल्हार कोळी, कोकणा, कातकरी अशीही घरं आहेत. घराभोवती आणि मागच्या उतारावर जी लागवड असते तिला कुणी वाडी म्हणतं, कुणी परस. आपण तिला बाग म्हणू.

ही बाग चालते कशी? डोंगरावर पाऊस भरपूर, पण माती टिकत नाही. पहिल्या दोन सरींतच ती खाली निघून जाते. म्हणून पहिलं काम दगडांचं. उताराला आडवे दगड रचायचे, त्यामागे माती अडते, पालापाचोळा कुजतो, आणि काही वर्षांनी हातभर रुंदीची सपाट पट्टी तयार होते. हा बांध. दरवर्षी पावसाआधी त्यातले निखळलेले दगड पुन्हा बसवावे लागतात. एक पावसाळा दुर्लक्ष केलं तर चार वर्षांची माती जाते.

दुसरं काम मांडवाचं. उतारावर सपाट जागा कमी, म्हणून वेल वर चढवायचे. बांबू आणि कारवीच्या काठ्यांचा मांडव घालतात. हीच कारवी कुडाच्या भिंतीला लागते. आठ वर्षांतून एकदा फुलणारी म्हणून ती आपल्याला फोटोतून माहीत असते. मांडवावर शिराळी, घोसाळी, दुधी, पडवळ, कारली. खाली सावलीत अळू आणि सुरण. मोकळ्या पट्टीत माठ, भेंडी, चवळी. सांडपाणी जातं तिथे केळी. कडेला शेवगा, आंबा, फणस. एकाच गुंठ्यात जमिनीखाली, जमिनीवर आणि डोक्यावर अशी तीन मजली शेती! मुंबईत मजले आपणच चढवले असं समजू नका.

तिसरं काम बियाण्याचं. वेलावरचं चांगलं फळ तोडायचं नाही, ते वाळू द्यायचं. कडधान्याच्या बिया राखेत घोळून ठेवायच्या, बाकीचं बियाणं चुलीच्या वर, धूर लागेल असं टांगायचं. हे बहुतेक बायकांचं काम. कुठला दुधी लवकर येतो, कुठला कडू निघतो, याची नोंद त्यांच्याच डोक्यात असते.

आता या बागेचा संस्कृतीशी संबंध. वारली समाजात कणसरी ही धान्याची देवता, आणि वाघोबाला मान. अश्विनात वाघबारस असते. ज्या रानात बिबट्या फिरतो तिथेच तोंड खाली घालून खुरपायचं असतं, तेव्हा हा मान नुसता श्रद्धेचा नसतो, शेजाराचाही असतो. वारल्यांचं तारपा हे वाद्य आपण चित्रात पाहतो. त्याचा फुगीर भाग वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा असतो. म्हणजे वेल जेवण देतो, बी देतो आणि सूरही देतो.

आणि आपली संस्कृती? भाद्रपदात ऋषिपंचमीला आपल्या घरी ऋषीची भाजी होते. तिचा नियम काय? बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, हाताने खणून पिकवलेलंच चालतं. डोंगर उतारावर मुळात नांगर चालतच नाही. आपण वर्षातून एक दिवस ज्याला व्रत म्हणतो, ती पाड्यावरची रोजची शेती आहे. गौरीला लागणारा तेरडा, गौरीचे हात म्हणून वापरतात ती अग्निशिखेची फुलं, हरतालिकेची पत्री, दसऱ्याचा आपटा, केळीची पानं : उपनगरातला सण बाजारात येतो तो बराचसा याच डोंगरावरून.

इथेच अर्थकारण सुरू होतं. स्टेशनबाहेर पदपथावर जमिनीवर कापड अंथरून मावशी बसलेल्या असतात. समोर टाकळ्याची जुडी, कंटोळ्यांचा वाटा, अळूची पानं. पहाटे तोडलं, दुपारपर्यंत विकलं. मध्ये दलाल नाही, शीतगृह नाही. रोख पैसा थेट बाईच्या हातात येतो आणि तो कधी खर्च करायचा हे बहुधा तीच ठरवते. रक्कम लहान असते, पण ती जून ते ऑक्टोबर येते, म्हणजे शाळा सुरू होते, घर गळतं आणि आजारपण येतं तेव्हा. उरलेली भाजी घरात शिजते, म्हणजे बाजारातली विकत घ्यावी लागत नाही. हा वाचलेला पैसा कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

मग कागदावर काय दिसतं? थोडं मागे जाऊ. कान्हेरीच्या शिलालेखांत भिक्षुसंघाला शेतं दान दिल्याच्या नोंदी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचं नाव दगडावर टिकलं, ते शेत कसणाऱ्याचं टिकलं नाही. पुढे शहराला पाणी हवं होतं. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत आली. दर वेळी डोंगराची नवी नोंद झाली : पाणलोट, दुग्ध वसाहत, राष्ट्रीय उद्यान. बाग अशी नोंद कधीच झाली नाही. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हा जंगल वाचवणं गरजेचंच होतं. पण ज्याच्याकडे सातबारा नाही तो आणि परवा येऊन झोपडी टाकणारा, कागदावर दोघं सारखेच दिसतात.

आता गंमत बघा. 1982 मध्ये बायफ या संस्थेने गुजरातमधल्या वांसद्याच्या आदिवासी भागात 'वाडी' कार्यक्रम सुरू केला. उतारावर बांध घालायचा, आंबा-काजू लावायचे, मधल्या जागेत भाजी करायची. पुढे नाबार्डने 2003-04 पासून आदिवासी विकास निधीतून ही कल्पना देशभर नेली. तिथे याच गोष्टीला विकास म्हणतात आणि अनुदान देतात. बोरिवलीत तीच गोष्ट अतिक्रमण ठरू शकते. फरक बागेत नाही, जमिनीच्या नोंदीत आहे.

यावर उपाय 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. राष्ट्रीय उद्यानही या कायद्याच्या 'वनजमिनी'त येतं. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही. आणि पुरावा? 2008 च्या नियमांतला 13 वा नियम वाचा. सरकारी कागद चालतातच. पण जमिनीची केलेली सपाटी, घातलेले बांध, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं, ज्येष्ठांचे लेखी जबाब हेही पुरावे आहेत. एकाहून अधिक पुरावे लागतात.

म्हणजे ज्या बांधापासून मी सुरुवात केली, तो बांध स्वतःच दस्तऐवज आहे. म्हातारीला कुठला फणस कुणी लावला हे आठवतं, तो जबाब आहे. पण हा दस्तऐवज नाशवंत आहे. कुटुंब इमारतीत हललं की एका पावसाळ्यात बांध फुटतो, आणि म्हातारीबरोबर जबाबही जातो.

श्रोत्यांचा प्रश्न : मग शहरात हे दावे अडतात कुठे?

दोन ठिकाणी. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही; मग सभा कुणाची, इथूनच वाद. दुसरं, आरेची जमीन दुग्धविकास खात्याकडे होती. ती वन आहे की नाही, हाच तंटा. 2020 मध्ये सरकारने तिथलं सुमारे 800 एकर क्षेत्र राखीव वन करण्याचं जाहीर केलं. झाडांसाठी ते चांगलंच. पण राखीव वनाची हद्द आखताना आतल्या बागा आधी मोजल्या नाहीत, तर रक्षणाच्या कागदावरूनही त्या गळतील.

प्रश्न : आम्ही काय करू शकतो?

भाजी घ्या, घासाघीस करू नका, हे तर झालंच. कॉलेजची मुलं इथे आहेत, त्यांना सांगतो : पाड्यातल्या लोकांनी बोलावलं तर जा. त्यांच्यासोबत बांध मोजा, झाडांची यादी करा, आजी-आजोबांचं बोलणं त्यांच्या संमतीने लिहून घ्या. आणि ते कागद पाड्यातच ठेवून या, तुमच्या प्रकल्पाच्या फाइलीत नको. पावसाच्या आधी गेलात तर बांध नीट दिसतात.